नान्नजच्या माळावर एक दिवस

सुट्टी लागली की मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे आमच्याही घरात दरवर्षी पडतो. या दिवाळीच्या सुट्टीत थोरल्याला महाबळेश्वर हवं होतं, धाकटीला समुद्र. खिशाला दोन्ही परवडणारं नव्हतं. तेव्हा अब्बा म्हणाले, "नान्नजला चला. सकाळी जाऊ, संध्याकाळी घरी." मुलांची तोंडं उतरली. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. त्या रस्त्याने लग्नाकार्याला, मयतीला आम्ही किती वेळा गेलो असू. खिडकीतून माळ दिसायचा आणि मागे पडायचा. तिथे उतरून बघायचं काय? गवत?

अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे धरतात म्हणून नमाजही खुर्चीवर बसून पढतात. त्यांनी होऊन कुठे जाऊ म्हणणं आम्हाला नवीन होतं. म्हणून फार न विचारता तयारी केली. फजर झाल्यावर घरातले सहाही जण निघालो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, खिमा आणि उकडलेली अंडी होती. पाण्याचे कॅन आणि मुसल्ले अम्मींनी आठवणीने घेतले. धाकटीने नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आज पाहिलेले पक्षी". पहिलंच नाव तिने गाडीतच लिहून टाकलं: माळढोक.

झाडं कुठे आहेत?

वनखात्याच्या चौकीवर नोंद केली आणि तिथले एक वनरक्षक आमच्याबरोबर निघाले. समोर गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं गवत पसरलेलं. पावसाळ्यातलं हिरवेपण उतरून ते सोनेरी झालं होतं. वारा आला की सगळा माळ एका बाजूला झुकायचा आणि परत उभा राहायचा. थोरल्याने विचारलं, "जंगल म्हणतात ना याला? मग झाडं कुठे आहेत?"

हाच प्रश्न आम्हीही विचारला असता. वनरक्षकांनी समजावून सांगितलं. या भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. वरची माती वीतभर, खाली मुरूम. अशा जमिनीवर दाट झाडं नव्हे, गवत हेच मूळचं जंगल. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशा त्याच्या कितीतरी जाती. वरून वाळलेलं दिसलं तरी त्याची मुळं मातीला धरून ठेवतात, पावसाचं पाणी मुरवतात. आपण मात्र अशा जमिनीला पडीक म्हणतो. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नोंदींतही गवताळ माळ मोजले गेले आहेत.

हे ऐकताना आम्ही मान खाली घातली. त्याला कारण आहे. दर जुलैला शाळेची मुलं घेऊन गावाबाहेरच्या माळावर खड्डे खणायचे, रोपं लावायची, फोटो काढायचा, हे आम्ही कित्येक वर्षं केलं आहे. झाड लावणं हा सदका आहे, त्याचं फळ माणसाने खावो की पाखराने, लावणाऱ्याला पुण्य मिळतं, हे आम्हीच वर्गात शिकवतो. ते खरंच आहे. पण ते झाड आपण कोणाचं घर मोडून लावतो आहोत, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मोकळ्या गवतात राहणारे पक्षी झाडांची गर्दी झाली की तिथून निघून जातात. त्यांना दूरवरचं दिसावं लागतं, कारण त्यांचं सगळं संरक्षण नजरेवर असतं. झाड लावायला रस्त्याची कड आहे, विहिरीचा काठ आहे, शाळेचं आवार आहे, कबरस्तानची भिंत आहे. माळाला त्याचं गवत राहू द्यावं.

कुसळ, पखुर्डी आणि भोवत्या

थोडं चालून झालं तोवर अम्मींच्या बुरख्याच्या काठाला आणि मुलांच्या मोज्यांना कुसळं चिकटली होती. धाकटी वैतागली. पण वाटेत थांबून हात धुताना एका कुसळावर पाण्याचा थेंब पडला आणि ते तिच्या तळहातावर हळूहळू फिरू लागलं. ती किंचाळलीच. कुसळीच्या बियाला लांब शेपटी असते, दोरीला पीळ घालावा तशी पिळलेली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत ते टोकदार बी सुताराच्या गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. पेरणारा कोणी नाही, नांगर नाही. ज्याने बी दिलं त्याने पेरण्याची सोयही बियातच करून ठेवली. सुभानल्लाह! त्यानंतर कुसळांची तक्रार कोणी केली नाही. थोरल्याने तर चार कुसळं रुमालात बांधून घेतली.

पुढे काळवीट दिसले. एक काळाभोर नर, पिळाची शिंगं मागे टाकून उभा, आणि त्याच्या आसपास बिनशिंगी, तपकिरी माद्या. आम्ही थांबलो तसे तेही थांबले. मग एक मादी उडाली, म्हणजे अक्षरशः उडाली, आणि सगळा कळप उड्या घेत पार झाला.

पाणवठ्याजवळ मातीच्या रंगाचे पक्षी थव्याने उतरले. त्या पखुर्ड्या. वनरक्षकांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांची पिल्लं जमिनीवर, पाण्यापासून लांब असतात. नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच उडत जातो. पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात. अम्मी हे ऐकून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

गवतावरून अगदी खाली, जणू काही हरवलेलं शोधत असल्यासारखा, एक शिकारी पक्षी तरंगत गेला. हा भोवत्या. पक्षीनिरीक्षक त्याला हॅरियर म्हणतात. थंडीच्या सुरुवातीला हे पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडत आपल्याकडे येतात. माळावरचे टोळ, नाकतोडे, उंदीर खातात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतातच जमिनीवर झोपतात. इथलं गवत गेलं तर इतक्या लांबून आलेल्या या पाहुण्यांनी उतरायचं कुठे?

धाकटीच्या वहीत टिटवी, चंडोल, पखुर्डी, भोवत्या, वेडा राघू अशी नावं वाढत गेली. पहिल्या नावासमोरची जागा मात्र मोकळीच होती. शेवटी तिने विचारलं, "माळढोक कुठे आहे?"

वनरक्षक म्हणाले, "बाळ, पाटीवर आहे."

एक अंडं

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत वजनदारांपैकी एक. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. मादी मोकळ्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांचा पक्ष्यावरच राग झाला. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आलं. दरम्यान उजनीचं पाणी आलं, जिथे ज्वारी आणि भुईमूग होता तिथे ऊस उभा राहिला. माळ फुटले, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे बाजूंना असतात, समोरची तार त्याला नीट दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. आज साऱ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत असं मानतात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला.

पण त्याही आधी आणखी एक कारण होतं, आणि ते आम्हाला अब्बांकडून कळलं.

जुहरची वेळ झाली. एका कडेला, गवत न तुडवता, मोकळ्या मुरुमावर मुसल्ले टाकले. सारी जमीन सज्दा करण्याजोगी केली आहे, हे लहानपणापासून ऐकलं होतं. माळावर कपाळ टेकलं तेव्हा त्याचा अर्थ वेगळाच जाणवला. वुजूला आम्ही एकेक तांब्याच पाणी वापरलं. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, इथे तर सगळं पाणी कॅनमधलंच.

जेवणं झाली आणि अब्बा बोलू लागले. ते दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या चाचांकडे कोणाची तरी मागून आणलेली बंदूक होती. पावसाळ्याचे दिवस. बैलगाडीला माळढोक बिचकत नाही, हे शिकाऱ्यांना माहीत होतं, म्हणून बैलगाडीतूनच गेले. एका गोळीत पक्षी पडला. शेळीच्या करडाएवढा. अब्बांनी तो पायांना धरून गाडीपर्यंत ओढत आणला. सगळ्या मोहल्ल्यात वाटे गेले. ही गोष्ट आम्ही लग्नाकार्यांत अनेकदा ऐकली होती, हसत हसत सांगितलेली. पण तिचा शेवट आम्ही आजच ऐकला.

"दुसऱ्या दिवशी धनगराचा पोरगा सांगत आला," अब्बा म्हणाले, "ती मादी होती. तिथेच जमिनीवर तिचं एक अंडं पडलं होतं. आम्ही हळहळलो. अंड्यासाठी नाही. तेही काल मिळालं असतं तर आणलं असतं, म्हणून."

कोणी काही बोललं नाही. मग धाकटीने विचारलं, "दादा, ते खाणं हलाल होतं का?"

हलालचा प्रश्न

हा प्रश्न तिच्याआधी शंभरएक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मुस्लिम मुलालाही पडला होता. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खाणं आपल्याला चालेल का, हे विचारायला तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांना ती ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे पक्ष्यांनी भरलेली कपाटं पाहून त्या मुलाचं आयुष्यच बदललं. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. पुढे राष्ट्रीय पक्षी ठरवताना माळढोकाला तो मान द्यावा असा आग्रह त्यांनीच धरला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. आज १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा आणि ५ नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, म्हणून राज्यात या आठवड्यात पक्षी सप्ताह पाळतात.

धाकटीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्ही आलिम नाही. पण जे वाचलं-शिकलं ते तिला सांगितलं. शिकार इस्लामने मुळातच निषिद्ध केलेली नाही. पण एहराम बांधलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर कोणालाच शिकार करता येत नाही. एवढंच नव्हे, मक्का विजयाच्या वेळी प्रेषितांनी (स.) तिथले काटे आणि गवतही तोडू नये असं सांगितलं. तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी विनंती केली की इजखिर नावाचं गवत लोकांना घरांसाठी आणि इतर कामांसाठी लागतं. तेवढं गवत मोकळं ठेवण्यात आलं. म्हणजे गवतालाही हक्क आहे, आणि गरजू माणसालाही. दोन्ही एकाच वेळी.

अरबस्तानात हिमा नावाची पद्धत होती, राखीव कुरणांची. इस्लामपूर्वी टोळ्यांचे सरदार आपल्या जनावरांसाठी चांगली कुरणं अडवून ठेवत. प्रेषितांनी (स.) ती मक्तेदारी मोडली आणि हिमा फक्त सर्वांच्या हितासाठी असेल असं ठरवलं. मदिनेजवळचं नकीअ हे कुरण असं राखलं गेलं. हजरत उमर (रजि.) यांनी रबजा आणि शरफ इथे हिमा राखले. तिथल्या राखणदाराला त्यांनी बजावलं होतं की थोडी उंटं, थोड्या मेंढ्या असलेल्या गरिबाला आत येऊ द्यावं, पण हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासारख्यांचे मोठे कळप दूर ठेवावेत. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत. गरिबाचं सगळं जनावरांवरच.

हे बोलणं चालू असताना कुंपणापलीकडून एक धनगर मेंढरं घेऊन जात होता. अब्बांनी त्याला हाक मारली, भाकरी दिली. तो म्हणाला, "आमच्या आज्ज्याच्या वेळी ढोक मेंढरांत फिरायचा. मेंढरं चालली की टोळ उडायचे, ते खायचा. आता आत गवत हाय, भाईर आमी हाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्हाला हजरत उमरांचा तो राखणदार आठवला. राखायचं तर दोघांनाही राखावं लागेल. माळ राखताना मेंढपाळ उपाशी राहिला, तर तो माळ कोणाला आपला वाटेल?

अब्बा सगळं ऐकत होते. मग आमच्या घरच्या दखनीत नातीला म्हणाले, "खाना हलाल है बेटा, पन खतम करना हलाल नई."

जाणार असाल तर

तुम्हीही मुलांना घेऊन जरूर जा. नान्नज लांब पडत असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, बारामतीच्या बाजूला सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस चांगले. जाण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वेळ आणि परवानगी विचारून घ्यावी. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर प्राणी-पक्षी अधिक दिसतात. कपडे मातकट रंगाचे, पायात बूट. वाट सोडून चालू नये, कारण इथली घरटी जमिनीवर असतात आणि अंडी मातीच्या रंगाची. घरचं कुत्रं नेऊ नये, गाणी लावू नयेत. जळती काडी तर अजिबात नको, वाळलेल्या माळाला एक ठिणगी पुरते. डबा नेला तर कागदाचा कपटाही मागे ठेवू नये. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर डोळे आहेतच.

आणि एक गोष्ट नक्की करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. त्यांना बसायला खुर्ची न्या, आणि विचारा की त्यांच्या लहानपणी इथे काय होतं. त्यांना माहीत असलेल्या गोष्टी त्यांच्याबरोबरच निघून चालल्या आहेत.

आमच्या शाळेत येत्या जुलैला झाडं लागतील, इन्शाअल्लाह, पण माळावर नाही. कडुनिंब आणि चिंचेची रोपं शाळेच्या आवारात लावायची. माळावर मुलांना फक्त न्यायचं, बसवायचं आणि बघायला सांगायचं, असं ठरवलं आहे.

अस्रनंतर आम्ही निघालो. गाडीत धाकटीने वही उघडली. सतरा नावं झाली होती. पहिल्या नावासमोर तिने लिहिलं, "दिसला नाही." अब्बांनी चष्मा लावून ते वाचलं आणि तिच्याकडून पेन मागून घेतलं. थरथरत्या हाताने त्यांनी त्याखाली उर्दूत एक ओळ लिहिली. धाकटीला अजून उर्दू नीट वाचता येत नाही. तिने वही आमच्याकडे दिली.

लिहिलं होतं, "मी पाहिला होता. माझ्या नातीला दिसला नाही, त्यात माझाही वाटा आहे. अल्लाह माफ करो."